एफएनडी आणि राग : २०१३ च्या निर्णयाची पार्श्वभूमी

ठाण्यात किंवा वाशीत एफएनडीचं (फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर : मज्जासंस्थेचं काम बिघडल्याने कमजोरी किंवा झटके येणारा आजार) निदान घेऊन घरी आलेल्या माणसाला लवकरच कुणीतरी विचारतं, "मनात कसला राग धरून ठेवलायस का?" विचारणारे बहुतेकदा नातेवाईक असतात, कधी डॉक्टरही. प्रश्न आपुलकीचा असतो, पण त्यात एक सिद्धान्त गृहीत धरलेला असतो : राग आधी, आजार नंतर. २०१३ मध्ये अधिकृत निदानातून हा सिद्धान्त काढून टाकला गेला, त्यालाही आता बराच काळ झाला. तो का काढला, हे कळल्याशिवाय या पेशंटच्या रागाबद्दल धड बोलता येत नाही.

गर्भाशयावर खापर फोडणारा जुना काळ इथे सोडून देतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या डॉक्टरांनी हा आजार मज्जासंस्थेचा मानला. १८९५ मध्ये व्हिएन्नातल्या दोघांनी त्याचा रोख मनाकडे वळवला : बोलून न टाकलेली भावना शरीराच्या वाटेने बाहेर येते. त्यांच्या एका रुग्ण बाईला नवऱ्याचं बोलणं थोबाडीत बसल्यासारखं लागलं होतं. तिच्या चेहऱ्यातल्या वेदनांचा संबंध त्यांनी त्या गिळलेल्या अपमानाशी जोडला. पुढे अमेरिकेच्या मानसोपचार वर्गीकरणातून १९८० साली या आजाराचं 'हिस्टेरिया' हे जुनं नाव गेलं, पण मानसिक कारणाची अट राहिली. १९९४ च्या आवृत्तीतही लक्षणांच्या आधी संघर्ष किंवा ताण दिसायलाच हवा होता.

ठाण्यात ही अट जास्तच जाचली असावी. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं आणि "याला ठाण्याला पाठवा" हा मुंबईभरचा टोमणा. अशा गावात "हे मनाचं आहे" एवढंच सांगून घरी पाठवलं की बरीच कुटुंबं पुन्हा त्या दारात जात नाहीत. फिट आली की कांदा हुंगवतात, अंगात आलंय म्हणतात, नाहीतर "नाटकं करते" म्हणून मोकळे होतात.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या त्याच वर्गीकरणातून ताणाची अट गेली. पेशंट मुद्दाम करत नाही हे दाखवण्याची अटही गेली. त्याऐवजी तपासणीत सापडणाऱ्या खुणा मागितल्या गेल्या. उदाहरणार्थ, कमजोर पाय खाली दाबायला सांगितलं तर त्यात जोर येत नाही, पण डॉक्टरांनी दाबून धरलेला दुसरा पाय उचलायला सांगितलं की तोच कमजोर पाय आपोआप जोराने खाली दाबला जातो. ही खूण १९०८ पासून माहीत होती. तिला निदानाच्या केंद्रस्थानी यायला शंभर वर्षं लागली.

बदलामागचा युक्तिवाद सरळ होता. काहींच्या आयुष्यात ताणाचा प्रसंग सापडतच नव्हता. आणि शोधायचंच ठरवलं तर कुणाच्याही घरात काहीतरी सापडतं : सासूशी वाद, थकलेला हप्ता, नोकरीतली कुरबुर. म्हणजे ज्या पुराव्यावर निदान उभं होतं, तो कुणाच्याही बाबतीत उभा करता आला असता. विरोधकांचं म्हणणंही हलकं नव्हतं. अट गेली की कुणी मानसिक आघाताबद्दल विचारणारच नाही, पेशंटला फक्त फिजिओथेरपीला पाठवलं जाईल, ही त्यांची भीती. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालं. निरोगी लोकांच्या तुलनेत या पेशंटमध्ये अत्याचार आणि ताण जास्त आढळला, त्यातही बालपणीच्या भावनिक दुर्लक्षाचा संबंध सर्वांत ठळक होता. मात्र काही पेशंटनी कुठलाच ताण सांगितला नाही. माझ्या मते निर्णय बरोबरच होता. आघाताबद्दल जरूर विचारावं, पण निदान त्या उत्तरावर अडवून ठेवू नये.

याच काळात रागाकडे बघण्याची पद्धतही बदलत गेली. काय दाबून ठेवलं याऐवजी शरीरातली खळबळ ओळखता येते का, हे विचारलं जाऊ लागलं. २००६ च्या एका अभ्यासात डिसोसिएटिव्ह (अपस्मारासारखे दिसणारे, पण अपस्माराचे नसलेले) झटके येणाऱ्यांनी झटक्याच्या वेळी धडधड, घाम, धाप अशी लक्षणं सांगितली, पण त्या प्रमाणात भीती वाटल्याचं सांगितलं नाही. २०१० च्या सुमाराच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये भावना जागवणारे चेहरे दाखवल्यावर भावनेशी निगडित भाग आणि हालचालीची तयारी करणारा भाग यांच्यातली जोडणी निरोगी माणसांपेक्षा जास्त दिसली. भावना ओळखून तिला नाव देता न येणं या पेशंटमध्ये जास्त आढळतं, सगळ्यांमध्ये नाही. म्हणून "मला राग आलाच नव्हता" असं कुणी म्हणालं तर ते लपवतंय असं समजू नये.

आणि एक राग आजाराच्या नंतरचा असतो. वर्षानुवर्षं कुणी विश्वास ठेवला नाही, याचा. तो रास्त आहे, तरी लक्षणांच्या यादीत टाकला जातो. उलट बाजूने, पेशंट शांत असेल तर ती बेफिकिरी हेही आजाराचंच चिन्ह, असं कित्येक पिढ्या शिकवलं गेलं. २००६ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले तेव्हा ही 'बेफिकिरी' एफएनडीत २१ टक्के आणि इतर शारीरिक आजारांत २९ टक्के निघाली. चिडली तर मानसिक, शांत राहिली तरी मानसिक, असा हा पेच होता.

उपचारांतही मोठे दावे टिकलेले नाहीत. झटके येणाऱ्या ३६८ जणांच्या ब्रिटनमधल्या चाचणीत (निष्कर्ष २०२०) खास समुपदेशन जोडूनही वर्षभरानंतर महिन्याकाठच्या झटक्यांच्या संख्येत ठोस फरक पडला नाही. रोजचं जगणं मात्र सुधारलं. रागावर काम करायचं ते रोजचं जगणं सुधारण्यासाठी : धडधड सुरू झाली की ओळखणं, लक्ष बाहेर वळवणं, घरच्यांशी वेळेवर बोलणं. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक वर्गीकरणात हा आजार मानसिक विकारांत आहे आणि मज्जासंस्थेच्या प्रकरणातही त्याची नोंद आहे. आपल्याकडच्या २०१६ च्या अपंगत्व कायद्यात मानसिक आजार आणि जुनाट मज्जाविकार हे दोन वेगळे प्रकार आहेत. एफएनडीचं नाव दोन्हींपैकी कुठेच नाही.