क्ष-किरण कुठे संपतात आणि गॅमा कुठे सुरू होतात?

रेडिओपासून गॅमापर्यंतच्या विद्युतचुंबकीय लहरींचा, तक्त्यातला तो रंगीत पट्टा सगळ्यांचा पाठ असतो, तो परत सांगत नाही. पण तो काही कुणी एका बैठकीत आखला नाही, तुकडे वेगवेगळ्या वेळी सापडले आणि मग एकमेकांना जोडले गेले. १८०० साली प्रिझमच्या लाल पट्ट्याबाहेर ठेवलेला थर्मामीटर जास्त चढला (हे अवरक्त किरण), पुढच्याच वर्षी जांभळ्याच्या पलीकडे सिल्व्हर क्लोराईड हे प्रकाशाने काळवंडणारं रसायन काळं पडलं (हे अतिनील). १८६५ च्या सुमाराला गणितातून निघालं की प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहरच आहे, आणि वीसेक वर्षांनी ठिणग्या पाडून रेडिओ लहरी करून दाखवल्या गेल्या.

खरा घोळ १८९५ नंतरचा. काचेच्या नळीतून काहीतरी निघतंय, काय ते माहीत नाही, म्हणून बीजगणितातल्यासारखं नाव दिलं 'क्ष'. १९०० मध्ये रेडियमचे असे किरण सापडले जे चुंबकाने वळतच नव्हते, अल्फा आणि बीटा ही नावं आधीच गेलेली म्हणून हे गॅमा. (अल्फा-बीटा तर लहरी नाहीतच, कण आहेत, तरी आपण किरणच म्हणतो.) म्हणजे नावं आधी पडली आणि ओळख नंतर पटली. १९१२ ला स्फटिकांमधून क्ष-किरण लहरींसारखे विखुरतात हे दिसलं, दोन वर्षांनी गॅमाचंही तेच, मग कळलं की दोन्ही एकाच जातीचे.

मग सीमा कुठे? आधी ठरलं की तरंगलांबी कमी, म्हणजेच ऊर्जा जास्त असेल ते गॅमा, आणि तेव्हा ते चाललंही, कारण क्ष-किरण काढणारी यंत्रं कमजोर होती. पुढे यंत्रं तगडी झाली आणि हिशोब बिघडला. आज कॅन्सरच्या उपचारातल्या यंत्राचे क्ष-किरण ६० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (हे ऊर्जेचं माप) जातात आणि स्कॅनसाठी शरीरात सोडतात त्या टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा गॅमा जेमतेम १ लाख ४० हजारांचा! म्हणून आता बरेच जण जन्मावरून नाव देतात, अणुकेंद्रातून आला तर गॅमा, इलेक्ट्रॉनमुळे झाला तर क्ष. मला हेच पटतं, आणि तक्त्यात दोघांच्या मध्ये सरळ उभी रेघ मारून ठेवतात ती तर अजिबात पटत नाही, तिथे दोन पट्टे एकमेकांवर चढलेले दाखवायला हवेत.

खगोलवाले मात्र अजूनही ऊर्जेवरूनच नाव देतात, लांबून आलेला किरण नेमका कशातून निघाला हे दरवेळी आधी कळतं कुठे.