एका घरातले तीन फूट

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लायवूड मागताना गिऱ्हाईक सहज बोलून जातं, "आठ बाय चार द्या, एकोणीस एमएम." लांबी-रुंदी फुटांत, जाडी मिलिमीटरमध्ये, आणि दोन्ही एका दमात. पुढच्या दुकानात फरशी मागायची ती 'दोन बाय दोन', सळई 'चार सूत', नळ 'अर्धा इंची' आणि वाळू ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. फ्लॅटच्या करारात चौरस मीटर लिहिलेले असतात, पण भाव ठरतो चौरस फुटांवर. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला. पेट्रोल, दूध, कापड सगळं लिटर-मीटरवर आलं. घर बांधणारा माणूस मात्र फुटावरून तसूभर हलला नाही.

याला अडाणीपणा म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. फुटाचे मिलिमीटर करणं हा चौथीतला गुणाकार आहे आणि फोन प्रत्येकाच्या खिशात असतो. पंचाईत वेगळीच आहे. पुण्याच्या बाजारात फूट एकच नाही, निदान तीन आहेत.

टेपवरचा फूट ३०४.८ मिमीचा. प्लायवूडवाल्याचा फूट ३०५चा, कारण आठ बाय चारचा बोर्ड बनतो २४४० बाय १२२० मिमीचा. आठ फूट म्हणजे काटेकोर २४३८.४, तेव्हा इथे दीड मिलिमीटर आपल्याच पदरात पडतो. तिसरा फूट फरशीवाल्याचा, तो ३०० मिमीचा. 'दोन बाय दोन' या नावाने विकली जाणारी टाइल असते ६०० बाय ६००. खोक्यावर ते स्वच्छ छापलेलं असतं, त्यात लपवाछपवी काही नाही. मेट्रिक बांधकामात सगळी मापं १०० मिमीच्या पटीत बसवायचा संकेत आहे. टाइल त्यात बसवली गेली आणि जुनं नाव तसंच राहिलं.

३०० आणि ३०४.८ यांत फरक दीड टक्क्याच्या आसपास. एवढ्याने काय होतं, ते १५ बाय १० फुटांच्या हॉलमध्ये बघू. दहा फुटांच्या बाजूला दोन फुटी पाच टाइल बसाव्यात, तोंडी हिशेब. प्रत्यक्षात दहा फूट म्हणजे ३०४८ मिमी. पाच टाइल आणि मधल्या दोन-दोन मिलिमीटरच्या फटी धरून होतात ३०१०. भिंतीलगत राहतात ३८ मिमी, म्हणजे दीड इंच. स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या, जाडीखाली त्यातले फार तर दहा मिमी झाकले जातील. उरलेल्या जागेत कुठल्या तरी टाइलची बोटभर पट्टी कापून लावावी लागते. ती पट्टी पुढची कित्येक वर्षं सोफ्याच्या मागून डोकावत राहते.

जाणता फरशीवाला सुरुवात भिंतीपासून करत नाही. खोलीचा मध्य काढतो, मधे चार अख्ख्या टाइल घेतो आणि दोन्ही कडांना सारखे तुकडे टाकतो. ३०४८ मधून चार टाइल आणि पाच फटी वजा केल्या तर ६३८ उरतात, म्हणजे प्रत्येक कडेला ३१९ मिमीचा तुकडा. दिसायला हे देखणं. खर्चाला मात्र नाही, कारण ६०० च्या टाइलमधून ३१९ चे दोन तुकडे निघत नाहीत. ३८ मिमीने हुकतात! क्षेत्रफळावरून हिशेब केला तर या खोलीला ३९ टाइल लागतात. मांडणी कागदावर काढली तर एका दिशेला ६ आणि दुसऱ्या दिशेला ८, अशा ४८ जागा भरायच्या असतात. काही कापलेले तुकडे दुसऱ्या कडेला किंवा स्कर्टिंगला लागतात, सगळे नाही. ऐन वेळी 'अजून दोन बॉक्स आणा' म्हणणाऱ्या मिस्त्रीवर संशय घेण्याआधी ही आकृती एकदा काढून बघावी.

आता २५.४ या आकड्याकडे वळू. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि हे अंदाजे नाही. पुढे दशांशाची शेपटीही नाही. निसर्गात असा सुबक योगायोग घडत नाही, तो माणसांनी ठरवून घडवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश इंच २५.४ पेक्षा केसभर लहान होता आणि अमेरिकी इंच केसभर मोठा. कार्ल एडवर्ड योहान्सन या स्वीडिश कारागिराने कारखान्यांसाठी अतिशय अचूक मापठोकळे बनवले होते. ते जगभर विकायचे, तर इंच कुणाचा धरायचा? त्याने दोघांच्या मधला २५.४ धरला. कारखान्यांनी तो वापरला, मागून मानकसंस्थांनी स्वीकारला आणि १ जुलै १९५९ पासून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या सहा देशांनी यार्ड ०.९१४४ मीटरचा ठरवून टाकला. त्याला ३६ ने भागलं की २५.४ मिमी येतात. तेव्हापासून इंचाला स्वतःचं वेगळं अस्तित्वच नाही, तो मीटरचा ठरीव भाग आहे. मीटर १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावर बांधलेला आहे. बोहरी आळीत घेतलेल्या टेपवरचा इंच असा थेट प्रकाशाला जोडलेला आहे, हे तिथल्या गर्दीत उभं राहून आठवलं की गंमत वाटते.

सुताराकडे मात्र इंचाच्या खाली मिलिमीटर येत नाही, सूत येतं. आठ सुतांचा एक इंच, एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी. सुतार राजस्थानचा असो की सातारचा, सूत तेच. आठच का, याचं उत्तर हाताच्या कामात आहे. हत्याराशिवाय कुठल्याही लांबीचं अर्धं करता येतं, दोरी दुमडली की झालं. अर्ध्याचा पाव, पावाचं सूत. दहा भाग करायला दोरी दुमडून भागत नाही. आपल्या जुन्या शाळांमध्ये पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत, तेही अशाच तोंडी व्यवहारासाठी. ज्याला औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, येते त्याला साडेतीन सुतांची भीती वाटत नाही.

आणि सूत हिशेबालाही कच्चं नाही. कोथरूडमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये दोन भिंतींच्या मधे पुस्तकांचं कपाट बसवायचं आहे, असं समजा. जागा भरली ५ फूट ७ इंच ३ सूत. कपाटाला दोन बाजू आणि मधे दोन उभ्या फळ्या, सगळं पाऊण इंची प्लाय. कप्पे तीन, सारख्या रुंदीचे. भिंती कधीच ओळंब्यात नसतात, म्हणून दोन सूत मोकळी सोडायची. कप्प्याची रुंदी किती?

फूट, इंच, सूत अशा तीन खणांत हे सोडवायला गेलं की हातच्यांची जत्रा भरते. म्हणून सगळ्याचं सूत करायचं. ६७ इंच ३ सूत म्हणजे ५३९ सूत. पाऊण इंच म्हणजे ६ सूत, चार फळ्यांचे २४. मोकळे २. उरले ५१३. भागिले तीन, १७१ सूत, म्हणजे २१ इंच ३ सूत. पूर्ण आकडा, अपूर्णांक कुठेच नाही. हेच मिलिमीटरमध्ये केलं तर १७११ मधून ७६ आणि ६ गेले, राहिले १६२९, तीन कप्प्यांना प्रत्येकी ५४३ मिमी. २१ इंच ३ सूत म्हणजे ५४२.९ मिमी. दोन्ही वाटा एकाच घरी पोचतात.

अट एकच: वाट मधे बदलायची नाही. भिंत इंचात मोजली, जाडी एमएममध्ये वजा केली, भागाकार फुटांत केला आणि कापताना परत सुतात आलं, तर प्रत्येक वळणावर थोडं थोडं सांडतं. 'इंच म्हणजे पंचवीस धरा हो' म्हणणाऱ्याचं तर या कपाटात २७ मिमी सांडतं, इंचाहून जास्त. आणि जाडीचंही बघावं. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, पण बाजारात १८ मिमीचा प्लायही मिळतो. चार फळ्यांत चार मिमीचा फरक, सव्वा सूत. प्लाय घरात आल्यावर जाडी मोजून मगच कप्पे कापायला सांगावेत.

करवतीचा हिशेबही यातच येतो. मशीनचं पातं साधारण तीन मिमी लाकूड खातं, म्हणजे प्रत्येक कापाला जवळजवळ एक सूत भुसा. आठ फुटी बोर्डातून दोन-दोन फुटांचे चार तुकडे निघतात ते कागदावर. खरं तर २४४० मधून तीन कापांचे नऊ मिमी गेले की प्रत्येक तुकडा ६०८ च्या जरा आतच येतो, दोन फुटांना दोन मिमी कमी.

कॅल्क्युलेटरवर कपाटाची ती जागा १७११.३२५ मिमी दिसते. त्यातले शेवटचे तीन आकडे विसरावेत. चांगल्या टेपवर लंबगोलात दोनचा रोमन आकडा छापलेला असतो, तो अचूकतेचा दुसरा वर्ग. त्या वर्गातल्या पाच मीटरच्या टेपला पूर्ण लांबीत १.३ मिमी इकडे-तिकडे व्हायची मुभा आहे. टेपची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. एप्रिलमधल्या पुण्याच्या चाळीस अंशांत पोलादी टेप दहा फुटांमागे सुमारे ०.७ मिमी लांबते. टेपच्या टोकाचा हूक हलतो म्हणून काहीजण तो ठोकून घट्ट करतात, तो उद्योग मात्र करू नये. हूक स्वतःच्या जाडीइतका मुद्दाम सैल ठेवलेला असतो. फळीच्या कडेला अडकवून ओढला की तो बाहेर सरकतो, भिंतीला टेकवला की आत, म्हणून दोन्ही वेळा शून्य जागेवर राहतं. घट्ट केला की एक ना एक माप कायमचं चुकतं.

माझ्या मते सगळ्यात महागात पडतो तो टिंब. ५ फूट ६ इंच हे वहीत '५.६' असं लिहायची साइटवर सर्रास पद्धत आहे. माणसाला ते कळतं, कॅल्क्युलेटरला नाही. त्याच्या लेखी ५.६ फूट म्हणजे ५ फूट ७.२ इंच. '५.१०' म्हणजे तर ५ फूट १.२ इंच, म्हणजे ५ फूट १० इंच हे ५ फूट ९ इंचांपेक्षा कमी भरले! १० फूट ६ इंच बाय ८ फूट ४ इंच खोलीचं क्षेत्रफळ ८७.५ चौरस फूट. टिंब देऊन गुणलं तर ८९ येतात. चूक छोटी असल्यामुळेच पकडली जात नाही. स्लॅबमध्ये ती मोठी होते: १२ बाय १० फूट, जाडी ४ इंच. चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा, म्हणून काँक्रीट ४० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास या हिशेबाने ०.४ ब्रास. वहीतली '०.४' जाडी तशीच गुणली तर ४८ घनफूट, सरळ वीस टक्के जास्त. उपाय साधा आहे. इंचांना बाराने भागावं आणि मग टिंब द्यावा, नाहीतर फूट-इंच दोन वेगळ्या रकान्यांत लिहावेत.

क्षेत्रफळ आलं की फरक दुणावतो. सळईचंच घ्या. 'चार सूत' सळई म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी, पण गिरणीतून येते १२ मिमीची. इंजिनिअरने डिझाइन १२ मिमी धरूनच केलेलं असतं, तेव्हा कामाला धोका नाही. पण कुणी सुतावरून वजनाचा हिशेब मांडला तर फसतो. जाडीतला फरक सहा टक्क्यांच्या आत, छेदाचं क्षेत्रफळ मात्र वर्गाने वाढतं, म्हणून वजनात तो १२ टक्के होतो. व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागलं की मीटरमागे किलो मिळतात, हे साइटवर सगळ्यांना पाठ असतं. १२ मीटरच्या एका सळईत साडेदहा-पावणेअकरा किलो की बारा किलो, एवढी तफावत त्यातून निघते. दोन बाय दोनच्या टाइलचंही तसंच. नावाने चार चौरस फूट, भरते ३.८७५.

आणि जमीन. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ३३ फूट कुठून आले? एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० साली मोजणीसाठी ६६ फुटांची साखळी काढली, तिच्या निम्मे. आपल्याकडची मोजणीची साखळी याच ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. सातबाऱ्यावर मात्र गुंठा नसतो, आर असतो: १० मीटर बाय १० मीटर. बोलताना दोन्ही एकच मानले जातात, कारण ३३ फूट म्हणजे १०.०५८ मीटर, बाजूला जेमतेम सव्वादोन इंचांचा फरक. क्षेत्रफळात तो गुंठ्यामागे साडेबारा चौरस फुटांवर जातो. सातबाऱ्यावर दहा आर असताना पैसे दहा गुंठ्यांचे मोजले, तर १२६ चौरस फूट कमी मिळतात. पुण्यात एवढ्या जागेत बिल्डर एक बेडरूम बसवतो.