चक्रीवादळ व पूर : सोलापूर

पर्जन्यछायेतले सोलापूर दुष्काळासाठी ओळखले जाते. अरबी समुद्र पश्चिमेला सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर, बंगालचा उपसागर त्याच्या जवळपास दुप्पट लांब. जमिनीवर आलेल्या चक्रीवादळाला समुद्राची वाफ मिळेनाशी होते आणि इथवर येईतो वारा मोडतो; पाऊस मात्र मोडत नाही. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किमीच्या खाली गेला की हवामान खाते त्याला ‘तीव्र अवदाब’, आणखी उतरला की ‘अवदाब’ म्हणते. सोलापूरकरांची गाठ पडते ती या उतरत्या नावांशीच.

१३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेला तीव्र अवदाब तेलंगण, उत्तर कर्नाटक करत दुसऱ्याच दिवशी सोलापुरावर होता. ऐन चित्रा नक्षत्र, धरणे आधीच भरलेली. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले.

दुसरे संकट आभाळ कोरडे असतानाही येते. भीमेचा पूर ठरतो पुण्याच्या घाटमाथ्यावरच्या पावसाने. भीमेवरील उजनी धरणाचा विसर्ग आणि नीरेवरील वीर धरणाचे पाणी नीरा-नरसिंहपूरला एकत्र होते. मग पंढरपूरचे वाळवंट बुडून पुंडलिकाचे मंदिर पाण्यात जाते. अहिल्यानगरकडून येणारी सीना जास्त दगाबाज, कारण एरवी तिचे पात्र कोरडे पाहण्याचीच सवय. भीमा तुडुंब असली की हत्तरसंग कुडलच्या संगमापासून सीनेचे पाणी मागे तुंबून तिला फुगवटा चढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनाकाठची गावे पाण्यात गेली, पुणे महामार्ग लांबोटीजवळ बंद पडला.

शहरापुरता प्रश्न आदिला नदीचा. लोक तिला नालाच म्हणतात, आणि बांधतातही तसेच. हिप्परग्याचा एकरुख तलाव याच नदीवर. सांडवा वाहू लागला की पाणी आपली जुनी वाट शोधत सखल वस्त्यांत शिरते.

जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांचे भय निराळे. लाकडी पाटावर पसरलेली पांढरी माती उन्हाळ्यात घर गार ठेवते, एखादी सरही पन्हळीवाटे सोडून देते. पण संततधार लागली की तीच माती पाणी पिऊन जड होते. घरभर पातेली मांडली जातात, तुळई वाकते, भिंतीला पोट सुटते. अशी भिंत पुष्कळदा पावसात तग धरते आणि उघडीप पडून ऊन लागल्यावर बसते.