धावपट्टीची मर्यादा वेगळी, चढाईची वेगळी: मे महिन्यात विमान हलकं का करावं लागतं?

नवतपा लागला की नागपुरात कुणीतरी म्हणतंच, "उन्हापायी विमानात वजन कमी घेतात, सोनेगाव विमानतळाची धावपट्टी वाढवायला पाहिजे." वजनाचं म्हणणं खरं आहे. धावपट्टीचं मात्र तपासून बघावं लागेल, कारण उड्डाणाच्या वजनाला निदान दोन वेगवेगळ्या मर्यादा असतात आणि त्यातली एकच जमिनीच्या लांबीशी बांधलेली आहे.

त्याआधी तिसरा आकडा बाजूला करू. एअरबसच्या ए-३२० निओ या प्रवासी जेटचं कमाल उड्डाण-वजन ७९ टन. ही सांगाड्याची ताकद. ती ऊन-पावसाने बदलत नाही. बदलतात त्या पुढच्या दोन मर्यादा, आणि या सगळ्यांत जी सर्वात कमी तीच त्या दिवशी लागू होते.

पहिली, धावपट्टीची. पायलटांच्या बोलीत 'फील्ड लिमिट'. हिशेब असा धरतात की सगळ्यात नको त्या क्षणी एक इंजिन बंद पडणार. 'व्ही-वन' या वेगाच्या आत काही बिघडलं तर ब्रेक लावून उरलेल्या पट्टीत थांबता आलं पाहिजे. त्यानंतर बिघडलं तर थांबायचं नाही. एका इंजिनावर धाव पुरी करून पट्टीच्या टोकाशी ३५ फूट उंची गाठायची. शिवाय दोन्ही इंजिनं धडधाकट असताना लागणाऱ्या अंतरात १५ टक्के जास्तीचे धरायचे. या तिन्ही अटींत बसेल तेवढंच वजन.

दुसरी चढाईची, 'क्लाइंब लिमिट'. चाकं पोटात गेली, फ्लॅप (कमी वेगातही उचल मिळावी म्हणून पंखांच्या मागच्या कडेला काढतात त्या झडपा) अजून बाहेर आहेत, एक इंजिन मेलंय. अशा अवस्थेतही दोन इंजिनांच्या विमानाला २.४ टक्के चढ साधता आला पाहिजे, म्हणजे १००० मीटर पुढे जाताना २४ मीटर वर. उरलेल्या इंजिनाच्या जोरातून हवेचा विरोध वजा करायचा आणि बाकीला वजनाने भागायचं, की चढ मिळाला. या गणितात धावपट्टी कुठेच नाही. ती पाच किलोमीटर असती तरी उत्तर तेच आलं असतं.

गोंधळ होतो तो उन्हामुळे, कारण ऊन दोन्हींवर एकदम घाव घालतं. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१५ मीटरवर. पण ४५ अंशांत तिथली हवा प्रमाण हवेपेक्षा (समुद्रसपाटीला, १५ अंशांत असते तिच्यापेक्षा) साधारण १३ टक्के विरळ होते. विमानाच्या लेखी ते सुमारे १४०० मीटर उंचीवर, म्हणजे चिखलदऱ्याच्याही वर उभं असतं. पंखांना तेवढाच भार उचलायला जमिनीवरचा वेग ७ टक्क्यांच्या आसपास जास्त लागतो. धाव लांबते, आणि थांबायची वेळ आली तर ब्रेकना सुमारे १५ टक्के जादा ऊर्जा जिरवावी लागते. हा मार धावपट्टीच्या मर्यादेवर. चढाईवरचा मार इंजिनातून येतो. बरीच जेट इंजिनं समुद्रसपाटीला साधारण ३० अंशांपर्यंत ठरलेला पूर्ण जोर देतात; त्यापुढे आतली टर्बाइन तापू नये म्हणून जोर कमी करावा लागतो. डिसेंबरच्या १२ अंशांत आणि मार्चच्या सकाळी जे चालतं ते मे महिन्यातल्या दुपारी तीनला चालत नाही, ते यामुळेही.

वारा आणि पाऊस मात्र दोघींना वेगळं वागवतात. समोरून १० नॉट (विमानांचं वेग मोजायचं एकक) वारा असेल तर धावपट्टीच्या हिशेबात त्यातले ५ धरतात. पाठीमागून १० असेल तर १५. (नियम लिहिणाऱ्यांचा वाऱ्यावर विश्वास नाही, आणि तेच बरं.) चढाईच्या २.४ टक्क्यांना वाऱ्याशी देणंघेणं नाही. ओल्या पट्टीचंही तसंच: जुलैत ब्रेक कमी धरतात म्हणून धावपट्टीची मर्यादा खाली येते, पण हवा गार झालेली असल्याने चढाईची वर सरकते.

आता नागपूर आणि अमरावती शेजारी ठेवा. ऊन तेच, उंचीही जवळपास तीच. नागपूरची पट्टी ३२०० मीटर, अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची १८५०. बेलोऱ्याला एटीआर हे पंख्यांचं छोटं विमान सुखाने उतरतं-उडतं. भरलेलं मोठं जेट मे महिन्यात तिथून काढायचं म्हटलं तर आधी पट्टीच आडवी येईल, आणि ती वाढवली तर खरोखर वजन वाढेल. नागपूरला ए-३२० साठी पट्टी ऐसपैस आहे. तिथे भर दुपारी काही अडलंच तर आधी चढाईवर अडण्याची शक्यता जास्त.

फ्लॅपच्या बाबतीत तर या दोन मर्यादा एकमेकींविरुद्ध जातात. फ्लॅप जास्त काढले की विमान कमी वेगात, कमी धावेत उचलतं, पण त्यांच्याच विरोधामुळे नंतरचा चढ मंदावतो. म्हणून आखूड पट्टीवर ए-३२० चे पायलट फ्लॅप 'दोन' किंवा 'तीन' वर घेतात, आणि नागपूरसारख्या लांब पट्टीवर 'वन प्लस एफ' या सगळ्यात कमी फ्लॅपवर भागवतात. इथे सोनेगावच्या लांबीचा खरा उपयोग दिसतो. आणखी एक युक्ती आहे: पट्टी शिल्लक असेल तर मुद्दाम जास्त वेग घेऊन उशिरा उचलायचं. त्या वेगाला चढ चांगला मिळतो. थोडक्यात, शिल्लक पट्टी देऊन चढाई विकत घ्यायची. तेव्हा सुरुवातीच्या त्या वाक्यात थोडं तथ्य आहेच, फक्त हा सौदा लवकर संपतो, कारण ए-३२० चे टायर १९५ नॉटच्या पुढे चालत नाहीत.

नागपूरहून मुंबईच्या किंवा दिल्लीच्या फेऱ्यांना इंधन कमी लागतं, विमान ७९ टनांच्या बरंच खाली असतं, त्यामुळे प्रवाशाला यातलं काही जाणवत नाही. फार तर क्वचित उडताना एसी बंद होतो आणि लोक कुरकुरतात. इंजिनातून एसीसाठी काढली जाणारी हवा तेवढ्यापुरती वाचवली, की चढाईच्या मर्यादेत थोडी भर पडते. लांबच्या, इंधनाने भरलेल्या विमानाला मात्र एवढ्याने पुरत नाही. त्याला माल उतरवावा लागतो, नाहीतर वेळ पहाटेवर ढकलावी लागते.