एकादशी (गोव्यातील आचार)

चांद्रमासाच्या शुक्ल व कृष्ण पक्षांतील अकरावी तिथी आणि त्या दिवशी करावयाचे उपवासाचे व्रत. वर्षात अशा चोवीस एकादशी येतात; अधिक मास आल्यास सव्वीस. गोव्यात महिने अमान्त (अमावास्येला संपणारे) असून उपवास, विष्णुपूजन, जागर व द्वादशीचे पारणे हा व्रताचा सांगाडा महाराष्ट्रातल्यासारखाच आहे. गोमंतकीय आचाराचा वेगळेपणा मुख्यतः व्रताचा दिवस ठरवण्यात आणि पोर्तुगीज अमदानीत त्याला झालेल्या विरोधात दिसतो.

व्रताच्या उगमाविषयी एकमत नाही. दर्शपूर्णमास इष्टीच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या यज्ञाच्या) आदल्या दिवशी पाळावयाच्या ‘उपवसथ’ या वैदिक आचारातून पाक्षिक उपवास निघाले, असे एक मत आहे. बौद्धांचा उपोसथ आणि जैनांचा पोषध या व्रतांशीही त्याचा संबंध जोडला जातो. परंतु उपवसथ अमावास्या-पौर्णिमेशी बांधलेला आहे आणि उपोसथ-पोषधांच्या तिथी अष्टमी, चतुर्दशी अशा आहेत. अकरावी तिथी यांपैकी कोठेच प्रमुख नाही. त्यामुळे विष्णुभक्तीच्या प्रसाराबरोबर, पुराणकाळात एकादशी स्थिरावली हे मत अधिक ग्राह्य वाटते. मेघदूतातील यक्षाचा शाप विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा संपणार आहे आणि त्याला चार महिने उरले आहेत. कालिदासाचा काळ सामान्यतः इ.स. चौथे-पाचवे शतक मानतात. तोवर देवाच्या शयन-प्रबोधनाची कल्पना रूढ झालेली असावी. उपवासाचा नेमही तेव्हा होता, असे मात्र तेवढ्यावरून म्हणता येत नाही. तेराव्या शतकात, हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणी या धर्मशास्त्रग्रंथापर्यंत येता येता, व्रतकालाचा निर्णय हा निबंधकारांच्या (धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ लिहिणाऱ्यांच्या) मोठ्या खलाचा विषय झाला होता.

हा निर्णय समजण्यास थोडे गणित लागते. सूर्य व चंद्र यांतील अंतर 12 अंशांनी वाढण्यास लागणारा काळ म्हणजे तिथी. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने हा काळ ठरीव नसतो. जुन्या करणग्रंथांच्या (पंचांगगणिताच्या ग्रंथांच्या) परंपरेत ‘बाणवृद्धी रसक्षय’ हा दंडक होता, म्हणजे तिथी 60 घटिकांहून (एक घटिका 24 मिनिटांची) 5 घटिका वाढे किंवा 6 घटिका घटे. दृक्गणिताने, म्हणजे प्रत्यक्ष वेधाशी जुळणाऱ्या गणिताने, ही मर्यादा ‘सप्तवृद्धी दशक्षय’ अशी रुंदावली. 67 पासून 50 घटिकांपर्यंत, अर्थात सुमारे 26 तास 48 मिनिटांपासून 20 तासांपर्यंत. दोन पंचांगांत एकादशी निरनिराळ्या दिवशी छापलेली दिसते, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण स्थळाचे. तिथी संपण्याचा क्षण देशभर एकच असतो, पण पणजीचा सूर्योदय काशीच्या मागून, रेखांशाच्या फरकानेच अर्ध्या तासाहून अधिक उशिरा होतो. दिवसाची तिथी सूर्योदयावरून धरतात, म्हणून तिथीची अखेर या अवधीत पडली, तर काशीचे पंचांग गोव्यात लागू पडत नाही.

तिसरे आणि गोव्यात खरे महत्त्वाचे कारण संप्रदायाचे. एकादशीला दशमीचा स्पर्श असणे हा ‘वेध’ नावाचा दोष होय. स्मार्त, म्हणजे स्मृतिग्रंथांना अनुसरणारे, तो सूर्योदयाला पाहतात. माध्व (मध्वाचार्यांचे अनुयायी) वैष्णव तो अरुणोदयाला, म्हणजे सूर्योदयापूर्वी 4 घटिका किंवा 96 मिनिटे, पाहतात. दशमी 56 घटिकांच्या पुढे गेली की त्यांच्या दृष्टीने ती एकादशी विद्ध, म्हणजे वेधाने दूषित. (निंबार्कमतात हीच सीमा 45 घटिकांवर, मध्यरात्री आणून ठेवली आहे, गोव्याच्या संदर्भात ते मत गौण होय.) समजा सूर्योदय 6.30 ला आहे, तर अरुणोदय 4.54 ला लागतो. दशमी 4.40 ला संपली तर दोन्ही पक्षांचा उपवास त्याच दिवशी. ती 5.20 ला संपली आणि एकादशी दुसऱ्या सूर्योदयापूर्वीच सरली, तर स्मार्त त्या दिवशी उपवास करतात आणि वैष्णव दुसऱ्या दिवशी, द्वादशीला. पंचांगांत ‘स्मार्त एकादशी’ व ‘भागवत एकादशी’ असे लागोपाठ दोन दिवस येतात ते यामुळे. याखेरीज त्रिस्पृशा, उन्मीलनी, पक्षवर्धिनी इ. आठ महाद्वादशींचे (ज्या द्वादशींनाच उपवास करतात त्यांचे) नियम वैष्णवांत निराळे आहेत.

गोव्यातील गौड सारस्वत समाज या भेदरेषेच्या दोन्ही बाजूंना आहे. फोंडे तालुक्यातील कवळ्याचा गौडपादाचार्य मठ हे स्मार्तांचे गुरुपीठ. काणकोण तालुक्यात कुशावतीकाठी असलेला गोकर्ण पर्तगाळी जीवोत्तम मठ हे माध्व वैष्णवांचे. पर्तगाळी मठाची स्थापना परंपरेने 1475 च्या सुमाराची मानतात व त्या हिशेबाने 2025 मध्ये मठाचा 550 वर्षांचा उत्सव झाला. कुलदेवता एक आणि गुरुमठ भिन्न, अशी घराणी असल्यामुळे सोयरिकीत स्त्रीच्या उपवासाचा दिवस सासरच्या मठाप्रमाणे बदलू शकतो. आषाढी एकादशीला माध्व मठांत तप्तमुद्राधारण होते. स्वामी तापवलेल्या शंख-चक्रांच्या मुद्रा शिष्यांच्या अंगावर उठवतात. स्मार्त मठांत हा विधी नाही.

सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींतील (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या प्रदेशातील) देवळे पाडली गेली आणि अनेक देवता नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडे भागात, हलवल्या गेल्या. घरातील व्रत मूर्तीवाचूनही चालते, म्हणून त्याचा बंदोबस्त वेगळ्या तऱ्हेने झाला. इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) 14 एप्रिल 1736 च्या आज्ञापत्रात नवख्रिस्ती लोकांना मना केलेल्या चालीरीतींची लांबलचक यादी आहे. तीत आवारात तुळस लावण्याबरोबरच एकादशीचा उपवासही येतो. ख्रिस्ती धर्माला धरून केलेला उपवास चालेल, अशी पुस्तीही जोडली आहे. धर्मांतराला दीड-पावणेदोन शतके लोटल्यावरही हा उपवास चालू होता, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो बहुधा बरोबर असावा. तथापि मनाईची यादी म्हणजे आचाराची खानेसुमारी नव्हे, हे लक्षात ठेवावयास हवे. अंत्रुज प्रदेश 1763 मध्ये पोर्तुगीजांकडे आला, तो या धार्मिक धोरणाचा पहिला जोर ओसरल्यावर.

देवळांच्या पालखीचे दिवस बहुधा वारांवर किंवा देवतेच्या स्वतःच्या तिथीवर असतात, जसे मंगेशीला सोमवार, म्हार्दोळच्या म्हाळसेला रविवार, कवळ्याच्या शांतादुर्गेला पंचमी. विठ्ठलाची देवळे याला अपवाद. साखळीच्या विठ्ठलमंदिरात आषाढीला गर्दी होते, गोव्यातून पंढरपूरला पायी दिंड्याही जातात आणि मडगावच्या हरिमंदिराचा दिंडी उत्सव कार्तिकात होतो. प्रबोधिनीच्या (कार्तिक शुद्ध एकादशीच्या) दुसऱ्या दिवशीचे तुळशीचे लग्न गोव्यात ‘व्हडली (मोठी) दिवाळी’ म्हणून ओळखले जाते. वृंदावनात ऊस, चिंच व आवळ्याची फांदी रोवतात आणि पोह्यांचा प्रसाद वाटतात.

उपवास न करणारेही अनेकजण त्या दिवशी ‘शिवराक’ जेवतात, म्हणजे मासे (नुस्ते), मांस वर्ज्य आणि बहुधा कांदा-लसूणही. फराळात साबुदाणा, रताळी, बटाटा, शेंगदाणे हे पदार्थ सर्वत्र चालतात. ही सर्व पिके (साबुदाणा ज्यापासून करतात त्या टॅपिओका कंदासह) मूळची अमेरिकेतील असून पोर्तुगीजांच्या व्यापारमार्गाने भारतात पोचली असे सामान्यतः मानतात. एकादशीला निषेध धान्याचा, आणि ही पिके धान्य नसल्याने त्या कक्षेबाहेर राहिली असावीत. पारणे द्वादशीचा पहिला चतुर्थांश, म्हणजे हरिवासर, टाळून पण द्वादशी संपण्यापूर्वी करतात. द्वादशी सकाळीच सरत असेल, तर कर्मठ घरांत उजाडण्यापूर्वी स्वयंपाक होतो.