सी ड्राइव्ह लाल झाला? पुसण्याआधी हे वाचा

दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपबरोबर एक तक्रार हमखास येते: फोटो, व्हिडिओ सगळं दुसरीकडे हलवलं, तरी सी ड्राइव्ह भरलेलाच. फोल्डरांची बेरीज केली तरी हिशोब जुळत नाही. त्यातली काही जागा 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या लपवलेल्या फोल्डरात असते. विंडोज आपले रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मशीन बिघडल्यास आधीच्या स्थितीत परतण्यासाठी घेतलेल्या नोंदी, तिथे ठेवतं. तो फोल्डर हाताने पुसायच्या फंदात पडू नका.

कुणीतरी सांगतं, "सिस्टिम रिस्टोअर बंदच करून टाक." जागा मोकळी होते खरी, पण त्या ड्राइव्हचे सगळे रिस्टोअर पॉइंटही जातात. मग नवीन ड्रायव्हर (प्रिंटरसारखं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) टाकल्यावर मशीन अडलं, तर मागे जायला वाट उरत नाही. म्हणून आम्ही ग्राहकांना कळकळीने सांगतो, बंद करू नका, मर्यादा घाला.

स्टार्ट मेनूत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा. उघडलेल्या खिडकीत सी ड्राइव्ह निवडून 'कॉन्फिगर' दाबा. सध्या किती जागा गेली आहे ते तिथे दिसेल, आणि खाली 'मॅक्स युसेज'ची सरकपट्टी असेल. २५६ जीबीच्या डिस्कवर ५ टक्के म्हणजे साधारण १२ जीबी. घरगुती वापराला तेवढं पुष्कळ होतं. मर्यादा भरली की विंडोज सर्वांत जुना पॉइंट आपणहून काढतं. शेजारचं 'डिलीट' मात्र त्या ड्राइव्हचे सगळेच पॉइंट पुसतं. फक्त शेवटचा ठेवून बाकीचे काढायचे असतील, तर 'डिस्क क्लीनअप'मध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबून 'मोअर ऑप्शन्स'मध्ये जा.

विंडोजची मोठी आवृत्ती बदलली की 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर तयार होतो. तो कित्येक जीबींचा असतो. जुन्या आवृत्तीवर परतायला साधारण १० दिवस मिळतात, नंतर विंडोज तो स्वतःच काढून टाकतं. घाई असेल तर 'सेटिंग्ज'मधल्या 'स्टोरेज'मध्ये 'टेम्पररी फाइल्स' उघडून आधीही काढता येतो. पण त्याआधी प्रिंटर, टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन नव्या आवृत्तीवर नीट चालतंय ना, हे पाहा. फोल्डर गेला की परतीचा रस्ता बंद.

बाहेरची हार्ड डिस्क 'फाइल हिस्टरी'ला, म्हणजे फाइलींच्या प्रती घेणाऱ्या विंडोजच्या सोयीला, जोडली असेल, तर तीही एक दिवस भरते. बदललेल्या फाइलची प्रत दर तासाला घ्यायची आणि ती कायमची ठेवायची, अशी या सोयीची मूळ सेटिंग असते. कंट्रोल पॅनेलमधल्या 'फाइल हिस्टरी'त 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' उघडा आणि 'फॉरएव्हर'ऐवजी 'अनटिल स्पेस इज नीडेड' निवडा.

'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये दिसणारं रिकव्हरी पार्टिशन जागेसाठी उडवू नका. विंडोज सुरूच होईना, तर दुरुस्तीची साधनं तिथूनच मिळतात.

आणि एक गैरसमज, ज्यापायी लोकांना काउंटरवर रडताना पाहिलं आहे. रिस्टोअर पॉइंट म्हणजे तुमच्या फाइलींचा बॅकअप नव्हे. त्यात विंडोजच्या सिस्टिम फाइली, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) यांची नोंद असते. लग्नाचे फोटो किंवा मुलांचे प्रकल्प त्याच्या भरवशावर ठेवता येत नाहीत. शिवाय ते पॉइंट त्याच डिस्कवर असतात, डिस्क गेली की तेही गेले. लॅपटॉप आमच्याकडे आणताना एक रिकामी बाहेरची हार्ड डिस्क सोबत आणा. आधी तुमच्या फाइलींची प्रत तिच्यावर घेऊ, ती उघडून तुम्हाला दाखवू आणि मगच साफसफाईला हात लावू.