फियाट ११००ची मूळ कारखानी रूपात पुनर्बांधणी

जुनी मोटार ज्या रूपात कारखान्यातून बाहेर पडली, त्याच रूपात ती परत उभी करण्याचे काम. सातारा-सांगलीकडच्या गॅरेजांत याला ‘गाडी ओरिजिनल करणे’ म्हणतात. नवीकोरी दिसणारी गाडी म्हणजेच मूळ रूपातली गाडी, असा सर्रास समज असतो आणि बरीच कामे त्या समजापायीच बिघडतात. इटालियन गाडी म्हटले की फेरारी, लॅम्बोर्गिनी डोळ्यांपुढे येतात. पण या दोन जिल्ह्यांत वाड्याच्या सोप्यात नाहीतर उसाच्या रानातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली इटालियन घराण्याची गाडी सापडली, तर ती बहुधा फियाट ११०० किंवा तिची पुढची पिढी पद्मिनी असते.

हे घराणे काही साधेसुधे नाही. फियाट ११००चे चार सिलिंडरचे, १०८९ घनसेंमी इंजिन दुसऱ्या महायुद्धानंतर चिसितालिया या छोट्या इटालियन कंपनीने आपल्या स्पोर्ट्‌स गाड्यांसाठी उचलले. पिनिनफारिना या बॉडी घडवणाऱ्या इटालियन कंपनीने घडवलेली चिसितालिया २०२ आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. फियाटने १९५३मध्ये ११००/१०३ बाजारात आणली आणि तिचीच ‘टीव्ही’ म्हणजे तुरिझ्मो व्हेलोचे ही चपळ आवृत्तीही काढली. भारतात वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ११०० बांधायला घेतली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे वालचंद. पाठीला गोल असलेली पहिली ‘डुक्कर फियाट’, नंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ची डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी अशी ही मालिका आहे.

पुनर्बांधणीतला खरा पेच इथेच आहे. मूळ रूप म्हणजे कोणत्या कारखान्याचे, फियाटच्या इटलीतल्या तूरिनचे की कुर्ल्याचे? हौशी मालक इटलीहून दिवे, बिल्ले, मीटर मागवतात आणि गाडी ‘अस्सल इटालियन’ झाली म्हणून खूश होतात. पण कुर्ल्याच्या गाडीत वर्षागणिक भारतीय बनावटीचे भाग वाढत गेले: मायकोचे प्लग, लुकास-टीव्हीएसची विजेची सामग्री, सीएटचे टायर. (सीएट ही कंपनी स्वतःच मूळची तूरिनची, १९२४ची.) त्यामुळे १९७०च्या डिलाइटवर तूरिनचे भाग चढवले की गाडी मूळ रूपाकडे न जाता त्यापासून लांब जाते. स्वस्तातला वाटला तरी कुर्ल्याचा भागच तिथे बरोबर. भंगारातला एखादा गंजका होल्डर आयात केलेल्या चकचकीत होल्डरपेक्षा मोलाचा ठरतो तो याच हिशेबाने.

इटलीत हा हिशेब कंपन्याच ठेवतात. फेरारीने २००६मध्ये ‘क्लासिके’ विभाग सुरू केला; चासी, इंजिन, गिअरबॉक्स मारानेल्लोच्या, म्हणजे फेरारीच्या कारखान्याच्या, जुन्या नोंदींशी ताडून तो प्रमाणपत्र देतो. लॅम्बोर्गिनीचा ‘पोलो स्तोरिको’ २०१५चा. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिवाची, तूरिन सनद तर दुरुस्तीपेक्षा जतनाला वरचे स्थान देते आणि वयाच्या खुणा पुसू नयेत असे सुचवते. याला आधार आहे. फेरारीच्या बॉडी घडवणाऱ्या स्कालिएत्तीसारख्या कारागिरांनी हाताने ठोकून केलेल्या बॉडीची डावी-उजवी बाजू पुष्कळदा हुबेहूब सारखी नसे. ती काटेकोर सारखी करणारा कारागीर मूळ गाडी बिघडवतो. कुर्ल्याच्या गाडीचेही दाराच्या फटीपासून शिलाईपर्यंत सगळे दोरीने आखल्यासारखे नव्हते.

प्रत्यक्ष कामात सर्वांत आधी पाहावा लागतो पत्रा. ११००/१०३पासून या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दाराखालची पोकळ पट्टी, फूटबोर्ड आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे माउंटिंग सडले असेल, तर रंगकामाची गोष्टच काढू नये. जाणता मेस्त्री कडेने चुंबक फिरवत जातो. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकतो. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला बद्द बोलतो. सडका भाग कापून तितक्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा जोडायचा आणि सांधा घासून सपाट करायचा, ही योग्य रीत. वरून तुकडा ठोकून पुट्टी थापली की दोन पावसाळ्यांत फोड येतात.

गाडी कोणत्या तालुक्यात उभी होती, हेही विचारून घ्यावे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. माण, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात त्याच्या दशांशाच्या आसपास. माणदेशातल्या गाडीचे रबर आणि रेक्झिन उन्हाने तडकलेले असते, पण पत्रा धड निघतो. सांगलीची गाडी असेल तर २००५ आणि २०१९चा कृष्णेचा महापूर आठवावा. पोकळ पट्टीत शिरलेला गाळ बाहेरून धुतल्याने निघत नाही. तो ओल धरतो आणि पत्रा आतून खातो.

इंजिनाची काळजी त्या मानाने कमी. किर्लोस्करवाडीचे पंप आणि साताऱ्याच्या कूपर कारखान्याची डिझेल इंजिने यांच्यामुळे या भागात लेथ, बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगची परंपरा जुनी आहे. तीन मेन बेअरिंगची क्रँक आणि अॅल्युमिनियमचे हेड असलेले हे इंजिन चांगल्या हाताला अवघड नाही. हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, मात्र तापून वाकलेले असते, ते सपाट पट्टी ठेवून तपासावे. अडचण येते ती इंजिनच दुसरे असेल तर. स्वस्त डिझेलच्या मोहाने पुष्कळांनी पेट्रोल इंजिन उतरवून विकले. ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकाशी जुळला नाही, की मूळ रूपाचा दावा तिथेच संपतो. स्टिअरिंगवरचा गिअरदांडा काढून खाली बसवलेला असेल तर तोही मागाहूनचा बदल. कारखान्याने गिअर खाली आणला तो शेवटच्या काळातल्या एस-१ पद्मिनीत.

रंगाची मूळ छटा शोधायची ती डॅशबोर्डच्या मागे, नाहीतर डिकीच्या रबराखाली, जिथे ऊन पोचलेले नाही. आजचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, काचेसारखा चमकतो. तो थर त्या काळी नव्हताच, म्हणून चमक जास्त झाली तर ती चूकच समजावी, मग मालक कितीही हरखो.

जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेल्या खासगी गाडीला ‘विंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

एका ठिकाणी मात्र मूळ रूपाचा आग्रह सोडावा लागतो. कारखान्याने बसवलेले पेट्रोलचे होज (नळ्या) आणि गाडीतल्या इंधनपंपाचा पडदा साध्या पेट्रोलसाठीच्या रबराचे होते. आता पेट्रोल पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल, आणि ते इथेनॉल याच दोन जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांतही तयार होते. जुने रबर त्यात फुगते, भेगाळते, आणि गळणारे पेट्रोल इंजिनाच्या गरम मॅनिफोल्डवर (धूर बाहेर नेणाऱ्या नळांवर) पडू शकते. म्हणून होज आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत. शक्य तर होजला बाहेरून जुन्यासारखेच कापडी वेष्टन असावे. काढलेले भाग फेकून न देता बदलाच्या तारखेची चिठ्ठी लावून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत.